सोयाची पेंड महागली तेव्हा

२०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन पेंडीचा भाव असा चढत गेला, की स्वतःचं खाद्य स्वतः मिसळणाऱ्या आमच्यासारख्या लहान पोल्ट्रीवाल्यांपुढे दोनच गोष्टी उरल्या. शेड रिकामं ठेवायचं, नाहीतर सोयाला पर्याय शोधायचा. सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं आणि पेंड काही महिन्यांत दुपटीवर. ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं १२ लाख टन जीएम, म्हणजे जनुक बदललेल्या सोयाबीनची, सोयापेंड आयात करायला परवानगी दिली खरी, पण तो माल बंदरात उतरून भाव खाली येईस्तोवर आमचे पिल्लांचे लॉट काही थांबणार नव्हते. गंमत म्हणजे आमच्या घरचंही सोयाबीन असतं. ते दिवाळीतच विकून आम्ही मोकळे झालो होतो. भाव चढला तेव्हा घरात बियाण्यापुरतं सोडून एक दाणा नव्हता.

आमचं शेड सोलापूर जिल्ह्यात, मोहोळच्या अलीकडे, पुणे महामार्गापासून थोडं आत. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बांधलेलं. सुरुवातीला ते कंपनीच्या करारावर होतं. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड आणि राबणं आपलं, आणि किलोमागे ठरलेला मोबदला. तो करार सुटल्यावर खाद्य मिसळायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात हिशेबाला बसणारी मीच. माल जातो सोलापुरात पूर्व भागातल्या धाकट्या दिरांच्या चिकन दुकानात, उरलेला व्यापाऱ्याला. या दुकानामुळे झालं काय, की आमच्या खाद्यात काय फिरवलं ते कोंबडी कापल्यावर आतून कसं दिसतं, हे मला घरबसल्या कळायला लागलं. कराराच्या शेतकऱ्याला ही सोय नसते. गाडी भरली की त्याचा पक्ष्यांशी संबंध संपतो.

पर्याय म्हणून पहिलं नाव अर्थातच शेंगदाणा पेंडीचं. सोलापूर म्हणजे शेंगाचटणीचा मुलूख, तेलाचे घाणे आहेतच. सरकी पेंड जनावरांना चालते, पण तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं द्रव्य कोंबडीला झेपत नाही. ते खाद्यातलं लोह आणि लायसिन हे अमिनो आम्ल, दोन्ही बांधून टाकतं. करडईची पेंड न सोललेल्या दाण्याची असली तर निम्मी टरफलंच. बार्शीच्या डाळमिलांची तुरीची चुनी मामांनी सुचवून पाहिली, तीही म्हशीचंच खाणं. सूर्यफुलाची पेंड मी थोडी वापरली. तिच्यात विषारी असं फारसं काही नसतं, मिथिओनिन हे दुसरं अमिनो आम्लही बरं असतं, पण तंतू जास्त आणि लायसिन कमी. ब्रॉयलरचं पोट लहान आणि घाई मोठी. पाच-सहा आठवड्यांत दोन किलो व्हायचं असतं त्याला. चोथ्यानं पोट भरलं की वाढ थांबते.

मी शेंगदाणा पेंड सोयाच्या जागी टक्क्याला टक्का बसवायच्या बेतात होते. आमचे पशुवैद्यक शिरवळच्या कॉलेजातून शिकलेले. ते म्हणाले, ‘ताई, पेंड बदला, पण गोणीवरचे टक्के बघून बदलू नका.’

मग त्यांनी जे सांगितलं, त्यावर माझं पुढचं सगळं काम उभं आहे. प्रयोगशाळेत प्रोटीन मोजतात म्हणजे खरं तर नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ नं गुणतात. नायट्रोजन कशातून आला हे त्या आकड्याला कळत नाही. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे या हिशेबानं युरियाच्या गोणीत २८७ टक्के प्रोटीन! कोंबडीला प्रोटीन असं लागतच नाही. तिला लागतात त्यातली अमिनो आम्लं, तीही ठरावीक प्रमाणात. सगळ्यात आधी तुटवडा पडतो तो मिथिओनिन, लायसिन आणि थ्रिओनिनचा. लग्नाच्या पंगतीत वरण हंडाभर आहे, पण भात संपला तर त्या वरणाचं काय करायचं, तशी गत. एक अमिनो आम्ल कमी पडलं की बाकीच्यांचं मांस होत नाही. ती साठवताही येत नाहीत. शरीर त्यांचा नायट्रोजन सोडवून यूरिक आम्ल करतं आणि बाहेर टाकतं. त्यालाही ऊर्जा जाते, मूत्रपिंडावर ताण येतो, पाणी जास्त प्यावं लागतं, आणि ते सगळं खाली तुसावर येऊन पडतं.

सोयापेंडीत प्रोटीन ४४ ते ४८ टक्के, शेंगदाणा पेंडीत ४० ते ४५. गोणीवर दोघी बहिणीच. पण सोयात लायसिन २.८ टक्क्यांच्या आसपास आणि शेंगदाण्यात जेमतेम दीड. मिथिओनिन तर दोन्हीकडे कमी, शेंगदाण्यात अजूनच कमी. शेंगदाण्यात भरमसाट असतं ते आर्जिनिन, ज्याचा तुटवडा आम्हाला नव्हताच.

ऐकून पटलं, पण मामांना पटेना. ‘पेंड ती पेंड’, हे त्यांचं मत. म्हणून पुढच्या लॉटला शेडच्या एका टोकाला जाळी लावून चार कप्पे केले. एकाच हॅचरीची, एकाच दिवसाची पिल्लं, तेच लसीकरण, तेच पाणी, तोच भाताचा तूस. पहिले दहा-बारा दिवस सगळ्यांना सोयाचंच प्रीस्टार्टर, म्हणजे अगदी सुरुवातीचं खाद्य, दिलं, कारण त्या वयात पिल्लाचं आतडं स्वतःच तयार होत असतं आणि तिथं प्रयोग केला तर पुढचं काही मोजण्यात अर्थ राहत नाही. त्यानंतर पहिल्या कप्प्याला नेहमीचं सोया. दुसऱ्याला निम्मं सोया काढून शेंगदाणा पेंड, वर लायसिन आणि मिथिओनिन मोजून. तिसऱ्याला तेच, पण वरची भर काहीच नाही, फक्त प्रोटीनचे टक्के जुळवलेले. चौथ्याला सोया थोडं कमी करून मासळीचा चुरा. भारतीय मानकात ब्रॉयलरच्या प्रीस्टार्टरला २३, त्यानंतरच्या स्टार्टरला २२ आणि शेवटच्या फिनिशरला २० टक्के प्रोटीन धरतात. चारी कप्प्यांत हे आकडे सारखे ठेवले. कप्प्याप्रमाणे पंखाला रंगाची खूण केली, म्हणजे दुकानात गेल्यावरही ओळखता येतील.

पक्ष्यांपुढे खाद्य टाकण्याआधी मालाची तपासणी हे एक वेगळंच काम निघालं. मासळीचा चुरा आणला तेव्हा व्यापारी ५५ टक्के प्रोटीन सांगत होता. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमचाभर चुरा ढवळला. वाळू तळाला बसली, तीही बरीच. नीट चुऱ्यात इतकी वाळू नको. युरिया मिसळलाय का हे पाहायला डॉक्टरांनी घरगुती युक्ती सांगितली. कच्च्या सोयाबीनचं पीठ आणि चुरा कोमट पाण्यात कालवून बाटलीचं झाकण लावून ठेवायचं. कच्च्या सोयात यूरिएज नावाचं विकर असतं, ते युरिया फोडतं आणि अमोनिया होतो. झाकण काढल्यावर नाकाला झोंबलं तर माल परत. ती पहिली गोणी परतच गेली. दुसरीकडून आणलेली बरी निघाली, मीठही बेतात होतं. खारवलेल्या मासळीचा चुरा असेल तर पक्षी पाणी पिऊन पिऊन लिटर, म्हणजे पायाखालचा तुसाचा थर, ओलं करतात.

हीच रसायनं उलटी वापरून सोयापेंड तपासता येते. सोयात ट्रिप्सिन रोखणारी द्रव्यं असतात. पेंड नीट शिजवली नाही तर ती जिवंत राहतात, पक्ष्याला प्रोटीन पचत नाही, स्वादुपिंड सुजतं आणि खाल्लेलं तसंच्या तसं शिटीत दिसतं. यूरिएज आणि ही द्रव्यं साधारण एकाच उष्णतेला मरतात, म्हणून यूरिएज तपासलं की दुसऱ्याचा अंदाज येतो. युरिया आणि फिनॉल रेडचं द्रावण बशीतल्या पेंडीवर ओतायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. सगळी बशी लाल झाली तर पेंड कच्ची. मधूनमधून तुरळक लाल ठिपके आले तर चांगली. एकही ठिपका नाही, तर जास्त भाजलेली असू शकते. तीही तोट्याचीच, कारण जास्त उष्णतेत लायसिन साखरेशी बांधलं जातं. प्रयोगशाळेत दिसतं, पक्ष्याला मिळत नाही. आमच्या भागात काहीजण घरचं सोयाबीन कढईत भाजून भरडून घालतात. त्यांच्याकडची बशी मी पाहिली, अर्धी पांढरी, अर्धी लालभडक. एकाच कढईत अर्धं करपलेलं, अर्धं कच्चं.

शेंगदाणा पेंडीची खरी भीती अफलाटॉक्सिनची. शेंगेवर किंवा पेंडीवर ओलाव्यात वाढणारी बुरशी ते सोडते. बुरशी झटकली, ऊन दाखवलं, तरी विष तिथंच राहतं. घाण्याच्या पेंडीत सहा-आठ टक्के तेल उरतं, ती पावसाळ्यात खवटही लवकर होते. मी पेंडीचा नमुना तपासून घेतला, २० पीपीबीच्या, म्हणजे अब्जात २० भागांच्या, आत होता, वापरण्यासारखा. तरी विष बांधून ठेवणारं बाइंडर घातलंच.

तिसरा आठवडा संपायच्या आत कप्पे वेगळे दिसायला लागले. वजनकाट्याच्या आधी पायाखाली कळलं. तिसऱ्या कप्प्यात तूस चिकट झाला, मुठीत दाबला तर लाडू वळायचा. पहिल्या आणि दुसऱ्यात मुठ सोडली की तूस सुटायचा. मामा सकाळी पडदे उघडायला जायचे ते तिसऱ्या कप्प्याजवळ नाक मुरडायला लागले. पक्ष्यांच्या तळपायाला काळे डाग पडायला लागले होते. ओल्या लिटरमध्ये यूरिक आम्लाचा अमोनिया होतो, तो तळपाय जाळतो, डोळ्यांतून पाणी काढतो आणि श्वासनलिकेतली बारीक लव निकामी करतो. तिथून पुढे सीआरडी हा श्वसनाचा आजार आणि ई-कोलाय हा जंतू आत येतात. आपण अँटिबायोटिक देतो, बिल औषधाच्या दुकानात भरतो, आणि मूळ असतं खाद्याच्या मिक्सरमध्ये. हवेत अमोनिया २५ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत २५ भागांच्या, वर जाऊ देऊ नये म्हणतात. आपल्या नाकाला झोंबायला लागला म्हणजे पक्ष्यांना तो केव्हाचाच जास्त झालेला असतो, कारण त्यांचं नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर.

इथं सोयाचीही बाजू सांगायला हवी. सोया म्हणजे सोनं असं आमच्याकडे बोललं जातं, पण सोयात पोटॅशियम भरपूर असतं आणि न पचणाऱ्या काही साखरा असतात. सोया फार वाढवलं तरी शीट पातळ होते. पहिल्या कप्प्यात दुसऱ्यापेक्षा तूस जरासा जास्त ओला होता, हे मला अपेक्षित नव्हतं.

चौथा कप्पा, मासळीचा, सगळ्यात जोरात वाढत होता. मामा खूश. ‘बघ, मासळीला तोड नाही.’ चौथ्या आठवड्यात त्याच कप्प्यात शीट नारिंगी आणि फेसाळ यायला लागली, दोन-चार पक्षी पिसं फुगवून कोपऱ्यात बसले, मरतूक सुरू झाली. डॉक्टरांनी मेलेला पक्षी उघडून दाखवला. आतडं फुगलेलं, आतून मळकट थर. क्लॉस्ट्रिडियम. तो जंतू आतड्यात थोडाफार असतोच, पण न पचलेलं प्रोटीन खालच्या आतड्यात पोचलं की त्याची मेजवानी होते, आणि मासळीसारख्या प्राणिज प्रोटीनवर त्याचं विशेष प्रेम, त्यातून कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी असेल तर दार उघडंच. म्हणजे मासळी वाईट नाही. अमिनो आम्लांच्या हिशेबात तिच्याइतकी भरीव वस्तू दुसरी नाही. पण तिचं प्रमाण आणि ताजेपणा दोन्ही आवाक्यात हवेत, आणि आमच्या गावापर्यंत समुद्र येता येता ताजेपणा किती उरतो हा प्रश्नच आहे. मी चौथ्या कप्प्याचं खाद्य तिथंच बदललं.

दुसरा कप्पा पहिल्याच्या मागोमाग होता. किंचित हलका, पण खाद्याचा खर्च धरला तर पहिल्यापेक्षा बरा. तिसऱ्याची पिसं उशिरा भरली, पाठ उघडी दिसत होती. तो खात मात्र सगळ्यात जास्त होता. मामांना वाटलं पक्षी निरोगी आहेत, भूक चांगली आहे. भूक होती ती लायसिनची. ते मिळवायला पक्षी जास्त खातो, त्यासोबत मक्याची ऊर्जाही जास्त जाते, आणि ती जाते कुठं, तर पोटाच्या चरबीत.

ते दिरांनी दुकानातून कळवलं. त्यांचा फोन: ‘वैनी, ह्या पिवळ्या खुणेच्या मालाला काय घातलं ओ? पोटातनं चरबीचा गोळाच निघायलाय. आणि छाती बघा की, हाताला लागंना.’

त्यांचा राग समजण्यासारखा होता. सोलापुरात दुकानदार जिवंत वजनावर कोंबडी घेतो आणि कातडी काढून, साफ करून विकतो. पोटातली चरबी फेकायची, म्हणजे ती आमच्याकडून कोंबडीच्या भावानं घेऊन कचऱ्यात टाकायची. छाती हा बोनलेसचा भाग, चायनीजच्या गाड्या आणि तंदूरवाले तोच मागतात. छातीचा स्नायू लायसिनवर सगळ्यात जास्त अवलंबून असतो, तुटवडा पडला की आधी तिथं दिसतो. पक्ष्याचं जिवंत वजन जवळपास सारखं असूनही दिरांच्या हातात विकण्याजोगं मांस कमी येतं, आणि हे आपल्याला काट्यावर कधीच दिसत नाही. मी त्यानंतर दर लॉटला काही पक्षी स्वतः दुकानात बसून साफ करून घेते, चरबी आणि छाती वेगळी तोलते. सुरुवातीला दुकानातली पोरं हसायची.

पहिल्या आणि दुसऱ्या कप्प्यातल्या मांसात हाताला फरक नव्हता. चवीतही नाही. मासळीच्या कप्प्यातले पक्षी मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत मासळी न बदलता ठेवले असते तर काय झालं असतं, हे पाहण्यासाठी चार पक्षी मी बाजूला काढून त्याच खाद्यावर ठेवले होते. ते घरीच केले. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात कुणालाच काही जाणवलं नाही. आमच्या मसाल्यापुढे माशाच्या वासाची काय टाप. पण आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नेहमीप्रमाणे आधी अळणी काढलं होतं, नातवंडांसाठी. पोरानं एक घोट घेतला आणि वाटी सरकवली. आत्यांनी वास घेतला. ‘बोंबिलाच्या पातेल्यात शिजवलंस का गं?’ मासळीतलं तेल पक्ष्याच्या चरबीत जसंच्या तसं उतरतं. म्हणून फिनिशरमधून मासळी पूर्ण काढायची, किमान शेवटचे दोन आठवडे. आमच्या घरी हा नियम त्या वाटीनं झाला.

रंगाचंही लोकांना फार. पिवळी चरबी म्हणजे गावठीसारखी चांगली कोंबडी, पांढरी म्हणजे फार्मची, असं गिऱ्हाईक मानतं. तो रंग येतो मक्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यातून. मका महाग असताना मी मंगळवेढ्याकडची ज्वारी थोडी मिसळली होती, तर चरबी पांढरट झाली. वाढ तीच, तब्येत तीच. दिरांच्या गिऱ्हाइकानं मात्र विचारलंच.

पुढच्या पावसाळ्यात शेंगदाणा पेंडीनं तिचा दुसरा चेहरा दाखवला. एका खेपेचा नमुना तपासायला पाठवला होता, अहवाल येईस्तोवर ती बाजूलाच ठेवली होती. आमच्याच ओळखीच्या एका पोल्ट्रीत तोच माल न तपासता गेला. त्यांच्या पक्ष्यांचं यकृत मी पाहिलं. फिकट, पिवळसर, बोटानं दाबलं तर कुस्करणारं. गंबोरो या विषाणूच्या आजाराची लस झालेली असून गंबोरो आला, कारण हे अफलाटॉक्सिनचं विष प्रतिकारशक्तीवरच घाव घालतं. आणि मांसाचं म्हणाल तर मांडीवर, पंखाखाली लाल-निळे डाग. रक्तवाहिन्या नाजूक होतात, रक्त गोठायला वेळ लागतो, पक्षी पकडतानाच रक्त साकळतं. दुकानदार म्हणतो, पकडणाऱ्यांनी आपटले. पकडणाऱ्यांचा दर वेळी दोष नसतो. तेव्हापासून जून ते सप्टेंबर शेंगदाणा पेंड आमच्या शेडमध्ये येत नाही.

उन्हाळ्याचं गणित निराळं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४२-४३ ला जातो. पत्र्यावर उसाचं पाचट टाकून वर ठिबकची नळी फिरवतो, फॉगर लावतो, सकाळी दहानंतर खाद्याची भांडी वर उचलतो आणि संध्याकाळी सोडतो. प्रोटीन पचवताना आणि जादाचा नायट्रोजन बाहेर टाकताना शरीरात उष्णता तयार होते. तेल पचवताना होते त्यापेक्षा ती कितीतरी जास्त. म्हणून ‘उन्हाळ्यात पक्षी कमी खातो, तर प्रोटीन वाढवा’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. मी उलट करते. एकूण प्रोटीन एक-दीड टक्का उतरवते, लायसिन, मिथिओनिन, थ्रिओनिन वरून पूर्ण करते, ऊर्जा थोडी तेलातून देते. पक्षी दुपारी धापा कमी टाकतात, लिटर कोरडं राहतं.

उन्हाळ्यातलं फिकट, पाणी सुटणारं मांस मात्र सगळं खाद्यावर ढकलू नये. भर दुपारी गाडीत कोंबून नेलेला, तडफडून कापलेला पक्षी असला की स्नायूतलं आम्ल झपाट्यानं वाढतं आणि मांस पाणी धरून ठेवत नाही. दिरांनी एकदा तक्रार केली, ‘ट्रेमध्ये पाणीच पाणी साठायलंय की ओ, वजन घटायलंय.’ मी गाडी रात्री भरायला लावली. खाद्य तेच होतं, पाणी सुटायचं थांबलं. सगळा दोष पेंडीचा मानणारे लोक मी पाहिलेत, तसे पेंडीचा काहीच दोष नाही म्हणणारेही. दुसरे जास्त करून पेंड विकणारे असतात.

मग आलं डीडीजीएस. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्रानं मर्यादा घातली आणि इथेनॉलवाले मक्याकडे वळले. आम्हा पोल्ट्रीवाल्यांचा मका महागला, आणि त्याच मक्याचा स्टार्च काढून उरलेला चोथा डीडीजीएस म्हणून आमच्याच दारात विकायला आला. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून उसाच्या धोरणाचा फटका कोंबडीला बसेल असं कधी वाटलं नव्हतं. मक्याच्या डीडीजीएसमध्ये प्रोटीन २७ ते ३० टक्के, तांदळाच्यात त्याहून बरंच जास्त. भाव सोयापेक्षा कमी. पण मक्यातला दोन-तृतीयांश भाग स्टार्च होता, तो गेला म्हणजे उरलेलं सगळं जवळपास तिप्पट दाट झालं, मक्यातलं बुरशीचं विषसुद्धा. शिवाय ते वाळवताना तापवलं जास्त तर लायसिनची तीच गत. मी हातात घेऊन रंग आणि वास पाहते. सोनेरी, आंबूस-गोड वासाचं असेल तर घेते, कॉफीच्या रंगाचं आणि करपट असेल तर फुकटातही नको. स्टार्टरला घालत नाही, फिनिशरला बेतानं घालते. जास्त घातलं तर त्यातल्या तेलानं चरबी मऊ, ओघळणारी होते आणि फ्रीजमध्ये मांस लवकर खवट वास मारतं. दिरांना हे सांगायची गरज पडली नाही. बोटाला चरबी चिकटायला लागली तशी त्यांनीच विचारलं, ‘मका बदलला का?’

२०२४ मध्ये सोयाचे भाव पुन्हा इतके पडले, की यंदा हमीभाव तरी मिळू दे, असं आम्ही शेतकरी म्हणून म्हणत होतो आणि पोल्ट्रीवाले म्हणून गप्प होतो. आज आमच्या मिक्सरमध्ये सोयाच मुख्य आहे. हिवाळ्यात थोडी तपासलेली शेंगदाणा पेंड, फिनिशरला थोडं डीडीजीएस, आणि अमिनो आम्लांचे डबे वर्षभर. आखाडात मागणी असते, श्रावणात भाव पडतो. त्या हिशेबानं आखाडाच्या लॉटला छाती भरावी म्हणून लायसिन पूर्ण ठेवते, श्रावणात उतरणाऱ्या लॉटची पिल्लंच कमी टाकते. मामा अजूनही पेंडीला पेंडच म्हणतात, पण सकाळी तुसाची मूठ दाबून बघतात.

या सगळ्यात एक गिऱ्हाईक मात्र नाराज झालं. आमचं कोंबडखत दरवर्षी एक डाळिंबवाले पाहुणे उचलतात. त्यांनी यावर्षी ट्रॉली भरताना मूठभर खत नाकाला लावलं आणि म्हणाले, ‘वैनी, ह्यात जोरच राहिला नाही. पहिलं कसं डोळ्यातनं पाणी काढायचं.’ मी सांगितलं, पाहुणं, जो डोळ्यातनं पाणी काढत होता तो नायट्रोजन वाटेतच हवेत उडत होता, तुमच्या झाडाला मिळत नव्हता. हेही सांगितलं, की पक्षी आता नायट्रोजन आधीपेक्षा कमीच टाकतात. पण खत कोरडं आहे, ट्रॉलीत पाणी कमी आणि खत जास्त बसतं. त्यांना ते निम्मंच पटलं. भाव ट्रॉलीवर न ठरवता वजनावर ठरवायचा, यावर आम्ही आलो, आणि माती तपासून घ्यायचं त्यांनी कबूल केलं. ती तपासणी झाल्यावर पुढच्या उचलीचा भाव ठरेल.